गाण्याचे दोन सातबारे

माझी भाची अकरावीत आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला तिच्या गटानं सिंडी लॉपरचं 'गर्ल्स जस्ट वॉन्ट टू हॅव फन' बसवलं. सूत्रसंचालनाच्या कागदावर नाव लिहायचं होतं, म्हणून तिनं विचारलं, "मावशी, हे गाणं लॉपरचंच ना गं?"

"गायलंय तिनं. गाणं तिचं नाही."

मी तिच्या आजीला नावं ठेवली असती तरी तिनं माझ्याकडे इतक्या रागानं पाहिलं नसतं. मग समजावताना माझी बरीच तारांबळ उडाली. तेच इथं जरा नीट लावून लिहिते.

हे गाणं लिहिलं रॉबर्ट हॅझर्डनं. फिलाडेल्फियाचा रॉक गायक, पुरुष. १९७९ साली त्यानं त्याचा डेमो केला होता. त्यात बोलतोय एक तरुण, आणि मुलींना काय, नुसती मजा हवी असते, असा त्याचा मिशीला पीळ देणारा सूर आहे. चार वर्षांनी रिक चर्टॉफ ह्या निर्मात्यानं ते लॉपरपुढे ठेवलं, तेव्हा तिला ते गायचंच नव्हतं. बायकांना हलक्यात काढणारं गाणं मी का गाऊ, हा तिचा प्रश्न. शेवटी तिनं शब्द बदलले आणि बोलणारं माणूसच बदलून टाकलं. आता पहाटे घरी येणारी एक मुलगी आहे, तिला फैलावर घेणारी आई आहे, रात्री फोन वाजला की ओरडणारा बाप आहे. दिवसभर काम केलंय, आता आम्हाला जरा मोकळं सोडा, एवढंच त्या मुलीचं मागणं. धृवपद जसंच्या तसं राहिलं आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा झाला. जी टिंगल होती, तिची मागणी झाली. व्हिडिओत आईचं काम लॉपरच्या खऱ्या आईनं केलंय आणि बापाचं लू अल्बानो ह्या कुस्तीगीरानं. ह्या आडदांड बापाचा हात लॉपर ज्या सहजतेनं पिरगाळते, ते पाहण्यासारखं आहे.

गाणं १९८४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गीत-संगीत म्हणून नाव आलं एकट्या हॅझर्डचं. आजही तेच आहे.

असं का, हे कळायला आपल्याला सातबारा आठवायचा. जमिनीचा एकच उतारा असतो, गाण्याचे मात्र दोन असतात. पहिला रचनेचा: शब्द आणि चाल. ते कागदावर उतरवता येतात, कोणीही गाऊ-वाजवू शकतं. ह्या उताऱ्यावर गीतकार-संगीतकाराचं नाव आणि बहुतेक वेळा त्याच्या शेजारी एखाद्या प्रकाशन कंपनीचं. दुसरा उतारा ध्वनिमुद्रणाचा: त्या दिवशी, त्या स्टुडिओत, त्या गळ्यातून जे टेपवर उतरलं ते. धंद्यात ह्याला 'मास्टर' म्हणतात, आणि त्यावर नाव असतं रेकॉर्ड कंपनीचं, कारण टेपचा, वादकांचा, स्टुडिओचा पैसा तिनं घातलेला असतो.

आता गायिका कुठं आली? दोन्हीकडे शोधा, मालकाच्या रकान्यात ती सहसा नसते. ती वाट्यानं कसणारी. कंपनीशी झालेल्या करारात तिला विक्रीचे काही टक्के लिहिलेले असतात, आणि तो करार जितका बळकट तितकीच ती बळकट. कसेल त्याची जमीन हे कुळांच्या बाबतीत आपल्याकडे निदान कायद्यात आलं. गाईल तिचं गाणं असा कायदा अमेरिकेत कधी झाला नाही.

फरक डोळ्यांपुढे आणायचा तर लॉपरच्याच अल्बममधलं दुसरं गाणं घ्या. 'टाइम आफ्टर टाइम' तिनं रॉब हायमनबरोबर लिहिलं, म्हणजे पहिल्या उताऱ्यावर तिचं नाव आहे. १९८५ साली माइल्स डेव्हिसनं ते ट्रम्पेटवर वाजवलं. त्या रेकॉर्डवर लॉपरचा श्वाससुद्धा नाही, तरी त्या रेकॉर्डची प्रत विकली गेली की लॉपरचा वाटा ठरलेला. उलट 'गर्ल्स जस्ट वॉन्ट' अमेरिकेतल्या एखाद्या एफएम स्टेशनवर तिच्याच आवाजात लागलं, तरी त्या वाजण्याबद्दल तिला काही नाही. पैसे हॅझर्डच्या बाजूला. हॅझर्ड २००८ साली वारला, तेव्हा आता ते वारसांकडे जात असणार.

हे वाचताना काहीतरी छापायचं चुकलंय असं वाटलं असेल. चुकलेलं नाही. अमेरिकेत साधं रेडिओ स्टेशन गाणं वाजवतं तेव्हा गीतकार-संगीतकाराला पैसे देतं, पण ज्याच्या आवाजात ते वाजलं त्याला देत नाही, आणि रेकॉर्ड कंपनीलाही देत नाही. युक्तिवाद जुना आहे: रेडिओवर वाजलं की रेकॉर्ड खपते, ही तुमची फुकट जाहिरातच, वर पैसे कशाला मागता? ह्याचं सगळ्यात कडू उदाहरण 'रिस्पेक्ट'. ओटिस रेडिंगनं ते १९६५ साली लिहिलं आणि गायलं. दमून घरी आलेल्या नवऱ्याला मान हवा, अशी त्याची तक्रार. १९६७ च्या फेब्रुवारीत अरीथा फ्रँकलिननं ते घेतलं आणि मान मागणारी बाई उभी केली. आर-ई-एस-पी-ई-सी-टी अशी एकेक अक्षर फोडून केलेली आरोळी रेडिंगच्या मूळ गाण्यात नाहीच, ती तिच्या आवृत्तीत आली. आज कोणालाही ते गाणं गुणगुणायला सांगा, तो नेमकी तीच अक्षरं म्हणेल. त्या अक्षरांचे रेडिओवरचे पैसे मात्र रेडिंगच्या खात्यात.

मग गायिकेनं घातलेली भर कुठं जाते? अमेरिकन कायद्यात एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरावीक दर भरून कोणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतं. १९०९ च्या कायद्यानं हा दर प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट ठेवला होता आणि तो १९७७ संपेपर्यंत तेवढाच राहिला. आपल्या गळ्याला, आपल्या ढंगाला बसेल असा साज चढवायची मुभा त्यात आहे. पण मूळ रचनाकारानं मान्य केल्याशिवाय त्या साजावर वेगळी मालकी सांगता येत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या रानात तुम्ही विहीर खणा, पाणी लागू द्या, रान हिरवं होऊ द्या, उताऱ्यावर नोंद नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण त्यामागची अडचणही दिसते. प्रत्येक नव्या गाणाऱ्याला तुकडा मिळत गेला तर चार पिढ्यांनी त्या गाण्याची अवस्था वाटण्या झालेल्या वाड्यासारखी होईल, आणि रेडिंगलाही कोणी विचारणार नाही.

आता दुसऱ्या उताऱ्याकडे, म्हणजे मास्टरकडे. इथं जास्त नाट्य आहे, आणि त्याची राजधानी म्हणजे १९६० च्या दशकातले अमेरिकेतले मुलींचे गट. तीन-चार मुली, सारखे कपडे, केसांचे उंच फुगे, आणि गाण्यांचा विषय बहुतेक एकच: एक मुलगी, तिचा एक मुलगा, आणि लोक काय म्हणतील. ही गाणी बरीचशी न्यूयॉर्कमधल्या ब्रिल बिल्डिंगच्या परिसरातल्या खोल्यांमधून यायची. एक पियानो, दोन माणसं, दिवसभर गाणी पाडायची. तिथं लिहिणारे सगळे पुरुषच होते असं मात्र समजू नका. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' हे शिरेल्स गटाचं गाणं १९६१ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाचं अमेरिकेतलं ते पहिलं अव्वल गाणं. चाल कॅरोल किंगची, तेव्हा ती अठरा वर्षांची. गंमत पाहा, शब्द तिच्या नवऱ्याचे, जेरी गॉफिनचे. आजची रात्र सरली की उद्या तुझं प्रेम उरेल ना, ही मुलीच्या मनातली धाकधूक एका विशीतल्या पोरानं लिहिली, आणि इतकी नेमकी लिहिली की ती पुरुषाची आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे शाहिरांनी लावणीत हेच शतकानुशतकं केलं: बोलणारी ती, लिहिणारा तो, आणि फडावर उभं राहून लोकांची नजर झेलणारी पुन्हा ती.

ह्या मुलींच्या गटांचा सर्वांत मोठा निर्माता फिल स्पेक्टर. ह्याच माणसाला पुढं २००९ साली खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, पण आपला विषय त्याचे कागद. १९६२ साली त्याच्या हाती 'हीज अ रेबेल' हे गाणं आलं, जीन पिटनीनं लिहिलेलं. दुसरी कंपनी तेच गाणं बाजारात आणते आहे, अशी कुणकुण लागली. त्याचा क्रिस्टल्स हा गट न्यूयॉर्कचा, आणि तो स्वतः लॉस एंजेलिसमध्ये. थांबायला वेळ कुठला? त्यानं तिथल्याच ब्लॉसम्स ह्या गटाला बोलावलं, डार्लिन लव्ह मुख्य आवाजात गायली, तिला त्या कामाची ठोक रक्कम दिली आणि रेकॉर्डवर नाव छापलं 'द क्रिस्टल्स'. नोव्हेंबरमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर. आपलंच नवं गाणं क्रिस्टल्सच्या मुलींनी पहिल्यांदा ऐकलं ते रेडिओवर, आणि मग कार्यक्रमांत लोकांना ऐकवण्यासाठी त्यांना ते दुसऱ्या बाईच्या आवाजाबरहुकूम शिकावं लागलं. इकडं डार्लिन लव्हचं गाणं देशात अव्वल, आणि तिचं नाव कोणालाच माहीत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव. आवाज लता मंगेशकरांचा होता हे लोकांना नंतर कळलं. दोन्हीकडे तर्क एकच: आवाज हा माल, नाव हे लेबल, आणि लेबल दुकानदाराचं.

डार्लिन लव्हची पुढची गोष्ट मी एका माहितीपटात पाहिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. काम आटत गेलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती लॉस एंजेलिसमध्ये लोकांच्या घरी साफसफाई करायला जाऊ लागली. नाताळचे दिवस. एका श्रीमंत घरातलं न्हाणीघर घासताना रेडिओवर 'ख्रिसमस, बेबी प्लीज कम होम' लागलं. १९६३ मध्ये तिनंच गायलेलं. हातात ब्रश, आणि भिंतीपलीकडून आपलाच विशीतला आवाज.

आता आपण शिकलो तेवढं लावून पाहू. त्या क्षणी पैसे कोणाला मिळाले? पहिल्या उताऱ्यावर नावं जेफ बॅरी, एली ग्रिनिच आणि स्पेक्टर ह्यांची. पैसे तिकडे. न्हाणीघरातल्या बाईला शून्य. त्या दिवशी तिनं पुन्हा गायचं ठरवलं, असं ती सांगते. पुढं २०११ साली रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं.

रोनेट्स ह्या स्पेक्टरच्या दुसऱ्या गटाची कथा कोर्टात गेली म्हणून तिचे आकडे आपल्याला माहीत आहेत. व्हेरोनिका बेनेट, तिची बहीण एस्टेल आणि चुलत-मावस नात्यातली नेड्रा टॅली. १९६३ साली त्यांनी स्पेक्टरच्या कंपनीशी करार केला, त्याच वर्षी 'बी माय बेबी' आलं आणि दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ढोलाचे ते पहिले चार ठोके तुम्ही नक्की ऐकलेले आहेत. तिघींना मिळून हातात आले सुमारे पंधरा हजार डॉलर, तेही आगाऊ रक्कम म्हणून, एकदाच. पुढं रॉयल्टी नाही.

ही आगाऊ रक्कम म्हणजे काय ते नीट पाहायला हवं, कारण भोळे कलाकार इथंच अडकतात. ती बक्षिसी नसते. ती उचल असते, ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तशीच. स्टुडिओचं भाडं, वादकांची बिदागी, कधी कपडे, कधी प्रवास, सगळं गायिकेच्या वाट्यातून आधी वळतं व्हायचं. आणि तिचा वाटा मुळात थोड्या टक्क्यांचा, म्हणून फिटता फिटत नाही. मध्ये कंपनीला आपला नफा केव्हाच सुटलेला असतो. टीएलसी ह्या तीन मुलींच्या गटानं १९९५ च्या उन्हाळ्यात दिवाळखोरी जाहीर केली. त्याच उन्हाळ्यात त्यांचं 'वॉटरफॉल्स' देशात पहिल्या क्रमांकावर होतं. हंगाम जोरात, कारखाना जोरात, आणि टोळी कर्जात.

रोनेट्सनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दावा लावला. १९८७ साली 'डर्टी डान्सिंग' हा सिनेमा आला होता आणि तो सुरूच होतो 'बी माय बेबी'नं. सिनेमात गाणं वापरायचं तर दोन्ही उताऱ्यांच्या मालकांची परवानगी लागते आणि दोघांनाही पैसे मोजावे लागतात. मास्टरच्या त्या पैशात आमचा वाटा कुठं आहे, हा मुलींचा प्रश्न. खालच्या कोर्टानं त्यांना लाखो डॉलर देऊ केले. पण २००२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या कोर्टानं सांगितलं की करारात ध्वनिमुद्रणाची मालकी कुठलीही अट न घालता कंपनीला दिलेली आहे. सिनेमा, व्हिडिओ, जाहिरात हे शब्द त्यात नाहीत, तरी मालकी म्हणजे सगळं आलं. विक्रीवरची रॉयल्टी मिळेल, सिनेमाच्या पैशात वाटा नाही. तुमची अवस्था वाईट आहे हे दिसतं, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, असाही निकालाचा सूर होता.

मला विचाराल तर कोर्ट चुकलं असं म्हणता येत नाही, आणि तिथंच खरी खुपणारी गोष्ट आहे. कायदा कागद वाचतो. विशीच्या आसपासच्या तीन मुलींनी १९६३ साली कुठल्या वाक्याखाली सही केली, एवढंच चाळीस वर्षांनी मोजलं गेलं.

ज्या वाचल्या त्या कागदामुळेच वाचल्या. डॉली पार्टननं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' स्वतः लिहिलं. १९७४ मध्ये ते गाजलं आणि एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. त्याच्या मॅनेजरनं अट घातली, पहिल्या उताऱ्यातला अर्धा हिस्सा आमच्या नावे करा. एल्विसनं आपलं गाणं गावं हे तिचं स्वप्न होतं, तरी ती नाही म्हणाली. रात्रभर रडली, असं तीच सांगते. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं, चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि पार्टनचा हिस्सा शाबूत होता.

टेलर स्विफ्टचं प्रकरण तर भाचीला पाठच होतं, फक्त त्याचं व्याकरण तिला माहीत नव्हतं. पहिल्या सहा अल्बमचे मास्टर कंपनीचे, ते २०१९ मध्ये तिच्या नाकावर टिच्चून विकले गेले. पण गाणी तिनं लिहिलेली, म्हणजे पहिल्या उताऱ्यावर ती होती. ह्याचा अर्थ, नवा मालक तिच्या परवानगीशिवाय ती गाणी सिनेमा-जाहिरातीला देऊ शकत नव्हता, आणि ती स्वतः मात्र तीच गाणी नव्यानं गाऊन ते नवे मास्टर सिनेमा-जाहिरातीला देऊ शकत होती. २०२१ ते २०२३ मध्ये तिनं चार अल्बम तसे पुन्हा काढले. जुन्या घराशेजारी हुबेहूब नवं घर बांधून लोकांना तिकडे बोलावण्याचा प्रकार. २०२५ च्या मे महिन्यात जुने मास्टरही तिनं विकत घेतले. डार्लिन लव्हनं आपली गाणी पुन्हा गायली असती तरी जुने मास्टर अडवणं तिला शक्य नव्हतं, कारण तिच्याकडे दोन्हीपैकी एकही उतारा नव्हता.

मधल्या काळात थोडं सुधारलं. १९९५ च्या अमेरिकन कायद्यानं डिजिटल प्रसारणात ध्वनिमुद्रणालाही हक्क दिला. इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओच्या त्या पैशातले पन्नास टक्के मास्टरच्या मालकाला, पंचेचाळीस मुख्य कलाकाराला आणि पाच मागच्या वादक-गायकांना. हे पैसे कंपनीकडून फिरून येत नाहीत, थेट मिळतात, म्हणजे उचल वळती होत नाही. २०१८ मध्ये १९७२ पूर्वीची रेकॉर्डिंगही त्यात घेतली. साधा एफएम मात्र अजून मोकळाच आहे.

भारतात ही भांडणं घरचीच आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. रफीसाहेबांचं म्हणणं, एकदा मानधन घेतलं की आपला हक्क संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकमेकांबरोबर गायले नाहीत. गायकाला रॉयल्टीचा हक्क कायद्यात स्पष्ट लिहिला गेला २०१२ मध्ये, आणि गायकांची त्यासाठीची संस्था, इस्रा, २०१३ मध्ये उभी राहिली. तेव्हा लताबाई ऐंशी पार होत्या.

तर, भाचीचा नाच. पुण्यातल्या एखाद्या पबमध्ये हे गाणं लागलं तर रचनेसाठी आयपीआरएस ह्या संस्थेचा आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल ह्या संस्थेचा असे दोन वेगळे परवाने लागतात, दोन उताऱ्यांचे दोन. कॉलेजात मात्र, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच असतील तर कायद्यानं सूट आहे. "म्हणजे आमच्या गॅदरिंगचे कोणालाच पैसे नाहीत?" तिनं विचारलं. कोणालाच नाहीत, हॅझर्डच्या वारसांनाही नाहीत. हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला, आणि कागदावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: गाणं – सिंडी लॉपर.